गारा आणणारा माणूस

नागपूरच्या दक्षिणेकडच्या काही गावांनी माझ्यावर एक आळ घेतला, तो मी अजून माफ केलेला नाही. त्यांचं म्हणणं, गारा मी आणतो.

माझा धंदा ताडपत्र्यांचा. गांधीबागेत कापडवाल्यांच्या ओळीत एका जिन्याखाली बसून जुनी फाटकी तिरपालं शिवून विकायला मी सुरुवात केली, पुढं स्वतःचं दुकान झालं. कोणाच्या मेहरबानीनं झालं नाही. इतर दुकानदारांपेक्षा मला एक गोष्ट लवकर कळली. ताडपत्री हवी असते ती आभाळ भरून आल्यावर, आणि त्या वेळी शेतकरी बाजारात नसतो, खळ्यावर असतो. म्हणून वादळाच्या आधी खळ्यावर पोचायचं.

हे कोणी शिकवलं नाही. फाल्गुनात दुपारी फटफटी काढून मी हुडकेश्वरच्या पुढं जात असे. तेव्हा तिकडं घरं कमी आणि आभाळ जास्त होतं. पश्चिमेला ढगाचा गड्डा कोबीसारखा फुगत वर चढतोय का, ते पाहायचं. ट्रान्झिस्टरचा काटा स्टेशन नसलेल्या जागी लावून कान द्यायचा. लांब कुठं वीज चमकली की तो कडकडतो. कडकड दाट होत गेली की वादळ आपल्याकडं, विरळ झाली की दुसऱ्याच्या नशिबी. ढगाच्या पोटाला हिरवट झाक आली की गारा नक्की. रेडिओ 'विदर्भात तुरळक ठिकाणी' म्हणायचा तेव्हा मी त्या तुरळक ठिकाणी मागच्या सीटवर ताडपत्र्या बांधून आधीच उभा असे.

पहिली दोन वर्षं धंदा झाला. मग लोक शहाणे झाले. मी वेशीत दिसलो की बाया ओरडायच्या, "तिरपालवाला आला वं! उचला लवकर!" मी दोरी सोडेपर्यंत गहू, हरभरा सगळा घरात. गारा पडायच्या रिकाम्या खळ्यावर. माझा अंदाज सगळ्यांनी फुकट वापरला, वर नावं मलाच ठेवली. एक म्हातारी तर तोंडावर म्हणाली, "काहून येतं गा तू? तू नाही आला त गाराबी नाही येत."

"मावशी, मी गारांच्या मागून नाही, पुढून येतो."

"तेच त म्हणून राहिली मी. तूच हाकून आणतं त्याहिले."

त्यातल्याच एका गावात माझ्या थोरल्या मुलीसाठी स्थळ आलं. मुलगा तिथल्या शाळेत मास्तर, वडील शेतकरी, माणसं चांगली. आधीची दोन स्थळं मोडली होती. बायकोच्या मते दोन्ही माझ्या तोंडामुळं. निघताना ती म्हणाली, "आज कोणाशी भाव नका करजा. पोरीचं बोलणं आहे, बाजार नाही."

मी मुद्दाम एस.टी.नं गेलो. धुतलेले कपडे, वर कोट, हातात पेढ्यांचा पुडा. उतरलो तोच ओरडा झाला, "तिरपालवाला आला!"

"अरे, पाहुणा म्हणून आलो आहे मी! माझ्याजवळ तिरपाल दिसतं का?"

"दिसत नाही तेच त. लपवून आणलं असंन." अर्धं गाव पोती घेऊन पळालं.

मुलाचे वडील मात्र जागचे हलले नाहीत. त्यांचा सगळा हरभरा घरामागच्या खळ्यावर मळून पडला होता. त्यांनी अंगणात सतरंजी टाकली, पोहे मागवले आणि हळूच विचारलं, "पाहुणे, तुम्ही सांगान तसं करतो. येऊन राहिलं का?"

मी पश्चिमेकडं पाहिलं. गड्डा वर चढला होता. पोट हिरवट. वारा पडलेला. येत होतं. पण 'हो' म्हटलं असतं तर हा माणूस उठून खळ्यावर गेला असता, बोलणी राहिली असती आणि तिसरं स्थळही गेलं असतं. वादळाला अजून तास लागेल, असा मी हिशेब केला. अर्ध्या तासात सुपारी फुटेल, मग सांगू. आयुष्यभर माणसांशी घासाघीस केली, त्या दिवशी ढगाशी केली.

"काही नाही," मी म्हणालो. "वारं फिरलं आहे. चांद्याकडं जाईल."

त्यांनी कुंपणापलीकडच्या शेजाऱ्याला ओरडून सांगितलं, "पाहुणे म्हणतात, नाही येत!"

"पाहुणे म्हणतात? मंग त येतेच!" पलीकडून उत्तर आलं.

आम्ही तिथीवर आलो होतो तेव्हा पहिली गार माझ्या पोह्यांच्या ताटलीत पडली.

खळ्याकडं पळालो. ज्या माणसानं इतकी वर्षं ताडपत्र्या विकल्या त्याच्याजवळ त्या दिवशी एक चिंधी नव्हती. मी अंगणातली सतरंजी ओढत नेली, कोट काढून टाकला, घरातल्या बायांनी गोधड्या आणल्या. सतरंजीचं एक टोक उडत होतं, त्यावर मी बसलो. बोराएवढ्या गारा डोक्यावर घेतल्या. अर्धा हरभरा वाचला, अर्धा चिखलात गेला.

गारा थांबल्यावर मुलाचे वडील माझ्याजवळ आले. ओरडले असते तर मी तयार होतो. मलाही ओरडता येतं. पण ते एवढंच म्हणाले, "तुम्हाले दिसलं होतं ना?"

मी कधी गिऱ्हाइकाला खरा भाव सांगितला नाही. त्यांना म्हणालो, "हो."

"मंग काहून नाही सांगितलं?"

"तुम्ही उठून गेले असते."

त्यांनी माझ्या कपाळावरच्या टेंगळाकडं पाहिलं आणि आत जाऊन हळद आणली.

आठ दिवसांनी पत्र आलं. सोयरीक मान्य आहे, अट एकच. व्याह्यांनी, म्हणजे मी, संक्रांतीपासून अक्षय्य तृतीयेपर्यंत गावात पाय ठेवू नये. मी पत्र भिरकावलं. बायकोनं ते उचललं, सरळ केलं आणि माझ्यापुढं ठेवलं. संध्याकाळी मी उत्तर लिहिलं: एवढे दिवस जमणार नाही, शिवरात्र ते पाडवा. परतीच्या टपालानं त्यांचा होकार आला. एवढ्या लवकर आला की मी आणखी कमी मागायला हवं होतं, हे मला तेव्हाच कळलं.

लग्न वैशाखात झालं. मुलगी सुखात आहे. धाकटी नात फाल्गुनात मुलीच्या सासरीच झाली. बारसं माझ्याविना झालं, नाव काय ठेवलं ते मला पोस्टकार्डावरून कळलं. त्याच फाल्गुनात त्या गावात तीनदा गारा पडल्या. तिन्ही वेळा मी गांधीबागेत होतो, शेजारचे कापडवाले साक्षीला आहेत. हे सगळं मी व्याह्यांना सविस्तर लिहून कळवलं.

त्यांनी लिहिलं, नात खुशाल आहे, डोळे तुमच्यावर गेले आहेत, पाडव्याला या.