मागवालीची लेक

यंत्रमागाच्या शेडमध्ये कुणी बोलत नाही, असं बाहेरच्यांना वाटतं. खरं तर तिथं दिवसभर तोंडाचा पट्टा चालू असतो, फक्त आवाज नसतो. ऐंशी मागांच्या खडखडाटात घसा कोण फोडणार? बायका ओठ मोठे हलवून, भुवया उडवून बोलतात आणि चार माग पलीकडे केलेली सासूची चुगलीही नीट पोचते. ही मागवाली त्यात पटाईत. वीस वर्षं तिनं माग चालवले आणि बोलायची ती रीत घरीही आणली.

तिथंच घात झाला. लेक झाल्यापासून ती तिच्याशी अशीच बोलायची, ओठांनी आणि हातांनी. "चप्पल आण" म्हटलं की चिमी चप्पल आणायची. पोरगी उशिरा चालायला लागली, सारखी धडपडायची, तोंडातून शब्द तर फुटतच नव्हता, तरी सासू म्हणाली, "बोलेल गं सावकाश, घाई काय आहे?" आणि सगळ्यांनी तेच धरून ठेवलं. चिमी पावणेचार वर्षांची झाल्यावर बालवाडीच्या बाईंनी तिसऱ्याच दिवशी आईला बोलावलं. "ही पाठमोरी असली की हाकेला वळत नाही हो."

तपासण्या झाल्या. डॉक्टर शांतपणे म्हणाले, "जन्मापासून ऐकू येत नाही. दोष आईबाप दोघांकडून आलेला आहे. तोल जातो तोही त्यामुळेच. पुढं मोठी होईल तशी नजरही कमी होत जाईल." मग ही ओठ कशी बघणार, एवढंच मागवालीच्या मनात आलं. कानाच्या आत यंत्र बसवायचं, एवढा एकच मार्ग होता. "पण लवकर आणायला हवी होती," डॉक्टर म्हणाले. "आवाज ओळखायला मेंदू लहानपणीच शिकतो."

ऑपरेशन झालं. चिमीच्या कानामागं, आतल्या यंत्राला आवाज पोचवणारी, काढता-घालता येणारी चकती बसली. आठ महिने झाले तरी पोरगी आईच्या तोंडाकडेच बघायची. बोलायला शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या, "ओठ दिसतात तोवर ती कानांना कामाला लावणार नाही. तिच्याकडं पाठ करून बोला."

"म्हणजे तिच्याशी बोलणंच बंद करू?"

"थोडे दिवस, ताई."

थोडे दिवस कसले, ते हाल होते. आईनं पाठ केली की चिमी धावत समोर यायची, तिची हनुवटी धरून तोंड आपल्याकडं ओढायची. आई पुन्हा वळायची. एकदा पोरीनं चकती उपटून तिच्या हातात कोंबली. मागवाली त्या दिवशी ढसाढसा रडली. पोरीची पावणेचार वर्षं आपण आपल्या हातानं घालवली, हे तिच्या मनातून जात नव्हतं.

शेवटी एका सुट्टीच्या दुपारी तिनं सासूला चिमीला मांडीत धरून बसायला सांगितलं. स्वतः ओट्याकडं तोंड करून उभी राहिली. पोरीनं उत्तर दिल्याशिवाय वळायचं नाही, असं तिनं मनाशी ठरवलं होतं.

"चिमी." थांबली. "चिमी, मी कोण?" पुन्हा थांबली. किती वेळा विचारलं, तिचं तिलाच कळलं नाही. पाय भरून आले. मागं सगळं शांत होतं. तिनं हाय खाल्ली आणि वळली.

चिमी भिंतीकडं तोंड करून बसली होती. सासू सुनेकडं बघतच राहिली.

"अगं, वळली का नाहीस? 'आ' म्हणाली ती. तीनदा म्हणाली. मला वाटलं, मुद्दाम थांबलीयस."

मागवालीला काही ऐकूच आलं नव्हतं. मोठ्यानं बोललेलं तिला कळायचं, बाकीचं ती समोरच्याच्या ओठांवरून भरून काढायची. बारीक आवाज मागांनी कधीच नेले होते. इतक्या वर्षांत हे तिला पहिल्यांदाच कळत होतं.

ती धावत जाऊन चिमीपुढं बसली. "पुन्हा म्हण," ती म्हणाली. "एकदाच म्हण गं, राणी."

चिमीनं ओठ घट्ट मिटून घेतले.