जर्मनीचा गाल

बारामतीच्या न्हाव्यानं एकदा माझ्या गालावर साबण फासला, वस्तरा धरला आणि पुन्हा खाली ठेवला. म्हणाला, "दाढी व्हईल, पर घाई करू नका." मुरुम सोळाव्या वर्षी आले, एकविसाव्या वर्षी गेले आणि जाताना दोन्ही गालांवर खड्डे ठेवून गेले. घरात कुणाला त्याचं सोयरसुतक नव्हतं. आई म्हणायची, "पुरुषाचं त्वांड कोन बघतंय?" मी बघत होतो ना, रोज सकाळी, आरशात.

स्वातंत्र्याला आठ-नऊ वर्षं झाली होती. मी इंदापूर तालुक्यात एका साखर कारखान्यात फिटर होतो आणि कळसच्या एका मुलीशी माझं लग्न ठरलं होतं. बघायला गेलो तेव्हा ती पाटावर बसली, विचारलेल्या चार प्रश्नांची उत्तरं दिली आणि आत निघून गेली. मान एकदाही वर केली नाही. सगळ्यांनी तिच्या वळणाचं कौतुक केलं. मला मात्र घाम फुटला. हिनं मला पाहिलंच नाही. म्हणजे अंतरपाट दूर होईल तेव्हा ती पहिल्यांदा माझं तोंड बघणार, आणि तेव्हा काय वाटलं ते जन्मभर मनात ठेवून माझ्याशी संसार करणार. या विचारानं मला जेवण गोड लागेना.

तेवढ्यात कारखान्यानं जर्मनीहून नवी यंत्रं घेतली आणि ती शिकून यायला आम्हा दोघांना सहा महिने तिकडं धाडलं. दुसरे म्हणजे आमचे हेड फिटर. त्यांना सगळा कारखाना तात्या म्हणायचा. लग्न परत आल्यावर करायचं ठरलं. आईनं ट्रंकेत चटणी, मसाला आणि डबाभर हळद भरली.

तिकडच्या वर्कशॉपमध्ये एक फोरमन होता, गाल अगदी गुळगुळीत. परतायला दीड-दोन महिने उरले असताना त्यानं एकदा माझ्याकडे निरखून पाहिलं आणि पाकिटातून स्वतःचा जुना फोटो काढून दाखवला. फोटोतला माणूस माझा सख्खा भाऊ शोभला असता. गाल दवाखान्यात घासून घेतला, असं त्यानं खुणांनी सांगितलं. मी त्याच आठवड्यात दवाखान्यात हजर झालो.

मला जर्मन भाषेतले चाळीसेक शब्द येत होते आणि सगळे यंत्राचे. दुखतं, खाजतं, भीती वाटते, यातला एकही नाही. डॉक्टर उंच, गंभीर गृहस्थ होते. मी गालावर बोट ठेवलं आणि वर्कशॉपच्या भाषेत म्हणालो, "पृष्ठभाग खराब. घासा. सपाट." डॉक्टरांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. इतकं नेमकं दुखणं सांगणारा पेशंट त्यांना पूर्वी भेटला नसावा. त्यांनी बोटांवर समजावलं: आधी डावा गाल, मग तीन आठवडे आराम, मग उजवा.

गालावर काहीतरी गारेगार फवारलं, गाल बधिर झाला आणि लोखंडी ब्रश गरागरा फिरू लागला. आवाज ओळखीचा होता. बॉयलरचा गंज आम्ही असाच काढतो. मी घाबरलो, पण घाबरल्याचा शब्द येत नव्हता, म्हणून जो आला तो ओरडलो: "तेल!" नर्सला हसू आवरेना. डॉक्टरांनी मात्र न हसता काम पुरं केलं.

मला दवाखान्यातच ठेवून घेतलं. चार दिवसांनी पट्टी निघाली. खाली खपली. आता गालाला काहीही लावायचं नाही, हे डॉक्टरांनी दोन्ही हात हलवून, मान हलवून, शेवटी टेबलावर बोट आपटून सांगितलं. मला ते पक्कं समजलं. पण हळद लावणं म्हणजे काहीतरी लावणं, असं आमच्याकडे कुणी मानतच नाही. विळा लागला तर हळद, ठेच लागली तर हळद. मी तात्यांकडून हळदीचा डबा मागवला, पावाबरोबर आलेलं लोणी हळदीत कालवलं आणि डाव्या गालाला लावलं. एकच गाल पिवळा बरा दिसेना, म्हणून उजव्यालाही लावलं. उरलं ते कपाळाला आणि हातांना.

सकाळी नर्स आली, मला पाहिलं आणि आल्या पावली परत गेली. मग तीन डॉक्टर आले. त्यांनी माझं पोट दाबलं, जीभ पाहिली, पापण्या वर केल्या. डोळे पांढरेशुभ्र, त्यामुळे त्यांची आणखीनच पंचाईत. माणूस पिवळा म्हणजे कावीळ, एवढं त्यांनी धरलं होतं. मला टोकाच्या एका खोलीत कोंडलं. मी सारखा सांगत होतो, पण हळदीला माझ्याकडे शब्द नव्हता. जवळचा म्हणून मी बॉयलरला लावायच्या रंगाचा शब्द वापरला. तेव्हा त्यांनी घाईघाईनं एक नळी आणून माझं पोट धुतलं.

तात्या भेटायला आले ते दारातच सगळं समजले. "ह्यांना मी दावतो," म्हणाले. डबा उघडला, चिमूटभर हळद तोंडात टाकली आणि गिळून डॉक्टरांपुढे जीभ काढली. जीभ पिवळी. तात्यांना माझ्या शेजारच्या खाटेवर झोपवण्यात आलं. भिंतीकडे तोंड करून ते म्हणाले, "कंपनीला ह्यातलं काय कळता कामा न्हाय."

दुसऱ्या दिवशी नर्सनं साबणाच्या पाण्यानं माझं तोंड पुसायला घेतलं. हळदीला साबण लागला की ती लाल होते, हे आपल्याकडे धुणं धुणाऱ्या कुणालाही ठाऊक असतं. नर्सला ठाऊक नव्हतं. पिवळा माणूस तिच्या हाताखाली लाल झाला. ती ओरडली तेव्हा आमचे गंभीर डॉक्टर धावत आले, त्यांनी लाल बोळा पाहिला, डबा पाहिला आणि पेल्यात चिमूटभर हळद टाकून वर साबणाचं पाणी ओतलं. मग ते खुर्चीवर बसले आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. तरीही कोंडलेल्या माणसानं ठरलेले दिवस पुरे करायचे असा तिथला नियम होता. आम्ही सुटलो तोवर बोटीची तारीख आली. उजवा गाल राहिला तो राहिलाच.

घरी आलो तो डावीकडून साहेब आणि उजवीकडून मीच. येताना बोटीवर मी लोकांना डावी बाजूच दाखवत बसायचो.

लग्न कळसला. शाळेत आमचा जानवसा होता. सकाळी बायकांनी मला पाटावर बसवून तोंडभर हळद फासली, तेवढ्यात मुलीचे मामा आले. हे लग्न त्यांनीच जमवलं होतं. ते माझ्या डाव्या अंगाला टेकले, गालाकडे पाहत राहिले आणि उठून उभे राहिले.

"ह्यो त्यो पोरगा न्हाय."

आमच्याकडचे सगळे एकदम बोलू लागले. मामा म्हणाले, "तुमी घरचे, तुमी त्योच म्हननार. आमाला दावला खडबडीत आन् आनला गुळगुळीत. चांगला पोरगा बदली कोन देतंय? ह्याच्यात दुसरी कायतरी मोठी खोट असनार." मी जर्मनीचं सांगू लागलो. गाल लोखंडी ब्रशनं घासून घेतला म्हणताच मामांनी बाकीच्यांकडे असं पाहिलं, जणू खोट डोक्यात आहे हे आता कळलं. मी घाबरून गेलो. ज्या तोंडासाठी एवढा खटाटोप केला, त्याच तोंडापायी लग्न मोडायला आलं होतं.

शेवटी मामी म्हणाल्या, "पोरीलाच इचारू." मी हताश झालो. जिनं मान वर केली नाही, ती काय ओळखणार?

मामी पाच मिनिटांत परत आल्या. "ती म्हनती उजवा गाल बघा. कानाखाली तीन खड्डं हायती, चुलीच्या दगडावानी."

मामांनी ओलं फडकं मागवलं. कुणीतरी साबणाची वडी पुढे केली. "साबण नको," मी इतक्या जोरात ओरडलो की मामांचा संशय पुन्हा जागा झाला. नुसत्या पाण्यानं गाल खसखसून पुसला गेला. मामा वाकले, त्यांनी बोट लावून तिन्ही खड्डे पाहिले आणि म्हणाले, "व्हय. त्योच हाय."

लग्नानंतर मी तिला विचारलं, "तू तर वर पाहिलंच नव्हतंस."

"तुमी दारात पाय धूत हुता तवा खिडकीतनं बघितलं. उजवीच बाजू माझ्याकडं हुती. म्हनलं, बरा हाय."

म्हणजे मी पाटासमोर जाऊन बसण्याआधीच माझा निकाल लागला होता, खड्ड्यांसकट. मला रडू आलं, आणि ते लपवायला मी तोंड फिरवलं तर तिच्यापुढे डावा गाल आला. त्या गालाला ती आजही पाहुण्यासारखं वागवते.

दोन वर्षांनी कारखान्याच्या साहेबांनी विचारलं, पुन्हा जर्मनीला जाशील का. मी घरी येऊन तिला सांगितलं. उजव्या गालाचं राहिलेलं कामही होऊन जाईल, असं म्हणालो.

ती भाकरी थापत होती. "जावा की," म्हणाली. "पर आल्यावर तुमाला वळखायचं कशावरनं?"

दुसऱ्या दिवशी मी साहेबांना सांगितलं, या खेपेला दुसऱ्या कुणाला तरी पाठवा.