आजोबांचं लिव्हर

लग्नाच्या वर्षीच मला कावीळ झाली आणि मी काही जगत नाही, असं घरात सगळ्यांनी धरलं होतं. त्यात पेपरात बातमी आली, की परदेशात मेलेल्या माणसाचं लिव्हर दुसऱ्याला बसवतात. आजोबा म्हणाले, "मी मेलो की माहं बसवा याले."

वडिलांनी जन्मभर खामगावच्या बाजारात बैल पारखलेले. सवयीनं त्यांनी आजोबांचा जबडा उघडून दात पाहिले. "बाबा, माल लय जुना हाय."

आजोबा पेटले. लिव्हर धडधाकट आहे हे दाखवायला त्यांनी ताटभर ठेचा-भाकर खाल्ली आणि आडवे झाले. मी मात्र हळूहळू उठून बसलो.

आजोबा कण्हत म्हणाले, "आता तुहं दे बे मले."

वडील लगेच माझ्याकडे वळले, "आ कर."