किल्ली ठेवायची कुठे?

बँकेतल्या बाईंना बढती मिळाली आणि उद्यापासून तिजोरीची किल्ली त्यांच्याकडे येणार होती. नियम असा, की किल्ली पर्समध्ये टाकायची नाही, दिवसभर अंगावरच बाळगायची. आता अंगावर म्हणजे कुठे? खिसेवाली पँट शोधत बाईंनी सगळा बाजार पालथा घातला. या शेवटच्या दुकानात एकदाचा खिसा दिसला. हरखून बोट घातलं, तर आत नुसती शिवण! नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा.

"अगं, बायकांना खरा खिसा कुणी देतं की नाही?" बाई विक्रेतीवर उखडल्या.

"खिशाने फिटिंग बिघडतं, मॅडम."

"मग तू तुझा मोबाइल कुठे ठेवतेस?"

पोरीने इकडेतिकडे पाहिलं आणि हळूच पायमोज्यातून मोबाइल काढून दाखवला.

बाईंचा राग जागच्या जागी विझला. तिच्यावर काय ओरडायचं? मुकाट्याने त्यांनी तीच पँट घेतली. किल्ली दोरीला बांधून गळ्यात अडकवायची, दुसरं काय!

बाहेर नवरा दोन्ही हात खिशात घालून उभा होता.

"एका पँटला एवढा वेळ?" तो म्हणाला. "तुम्हा बायकांना काही म्हणून पसंत पडत नाही."