घाटातली सागाची फांदी

काल चौकात एका ट्रकने करकचून ब्रेक मारला. जळक्या रबराचा वास आला आणि मला तो घाट आठवला.

कॉलेजात असताना मी लोणखेड्याहून सायकलने तोरणमाळचा घाट चढलो होतो. जंगलातून फेरा मारून परतताना घाटाच्या वरच्या तोंडाशी एक पावरा आदिवासी माणूस सायकलच्या कॅरियरला सागाची फांदी बांधत होता. मागे फरफटणारी फांदी उतारावर सायकल आवरते.

"तू बी बांधी ले, भाऊ," तो म्हणाला.

"नको दादा, लोके हासतीन."

तो पुढे, मी मागे. तिसऱ्या वळणावर माझ्या ब्रेकचं रबर आधी जळायला लागलं, मग ब्रेक लागेनातच. समोर कठडा नव्हता, नुसती दरी होती. मी त्याच्या फांदीत घुसलो आणि दोघेही आपटलो. माझं पुढचं चाक दरीवर अधांतरी फिरत राहिलं.

त्याच्या कोपरातून रक्त गळत होतं. तरी त्याने आपली फांदी सोडून माझ्या सायकलला बांधली आणि स्वतःची सायकल हातात धरून चालत निघाला.

तेव्हा मी दरी पाहून हादरलो होतो. काल हादरलो ते पुढचं आठवून. पायथ्याचं गाव दिसताच, लोक हसतील म्हणून, मी ती फांदी सोडून फेकली होती. तो उतरेपर्यंत थांबलोही नव्हतो.