पोळपाटातली चिमणी

बायको गेल्यापासून चारुदत्तकाका फ्लॅटमध्ये होडी बांधताहेत, अशी आंग मो किओ या सिंगापुरी वस्तीतल्या त्या ब्लॉकमध्ये कुजबुज होती. होडी कसली, सुलेखाकाकूंच्या शिसवी पोळपाटातून चिमणी कापून त्यांना सागाच्या फळीत बसवायची होती. दोन्ही लाकडं एकावर एक ठेवायची, करवतीचं टेबल जरा तिरकं करून एकदमच कापायची, म्हणजे तुकडा पाचरीसारखा घट्ट बसतो. जन्मभर बोटीची इंजिनं जुळवलेल्या काकांनी टेबल नेमकं उलट्या बाजूला कलवलं. चिमणी फळीतून आरपार खाली पडली.

"बाबा, ग्लू लावा लाह," लेक इरा तिथल्या ढंगात म्हणाली.

"तुझ्या आईला फट राहिलेलं काम कधी चाललंय?"

पोळपाट एकच, तोही आता भोकाचा. काकांनी खालून बोट लावून चिमणी जागेवर धरली. बोट काही काढवेना.