गावात पडलेली दोन मतं

आमच्या मतदारसंघाचा खासदार दिल्लीत नेमकं काय करतो, हे मला पन्नाशी आली तरी नीट कळलेलं नाही. मतदारसंघ तरी केवढा! एका टोकाला शाहूवाडीचे डोंगर, भाताची खाचरं आणि कोसळणारा पाऊस. दुसऱ्या टोकाला शिरोळचा नदीकाठ, म्हणजे आम्ही. पाऊस त्यांच्याकडे पडणार आणि पाणी आमच्या दारात येणार. मध्ये कधीतरी मतदारसंघाचं नावही बदललं. घरोघरी मतदानाच्या चिठ्ठ्या वाटल्या तेव्हा कुठे आम्हाला त्याचा पत्ता लागला.

निवडणुका मी लहानपणापासून बघते आहे. तेव्हा जीप यायची आणि पोरं धुरळ्यातून तिच्यामागे धावायची. भिंती रंगायच्या, त्याही मालकाला न विचारता. कागदावर शिक्का मारायचे दिवस गेले, मशिन आलं. कारखान्यातून आलेले उमेदवार झाले, आंदोलनातून आलेले झाले, घराण्यातून आलेले तर कायमच होते. प्रत्येकानं आमच्या बौद्धवाड्यात येऊन समाजमंदिरात हात जोडले, चहा घेतला आणि एका गोष्टीचं नाव काढलं: पुनर्वसन. महापुरात बुडणारं गाव उचलून वरच्या माळावर न्यायचं. पहिल्यांदा हा शब्द ऐकला तेव्हा मी कॉलेजात होते. आता माझे केस पांढरे झालेत आणि गाव आहे तिथंच आहे.

पुरात सगळ्यात आधी बुडतो तो आमचा बौद्धवाडा, कारण तो सगळ्यात सखल आहे. आमच्या आबांच्या, म्हणजे वडिलांच्या, घराच्या भिंतीवर पाण्याच्या तीन रेघा आहेत. रंग दिला तरी त्या वर येतात. आई गेली तेव्हापासून आबा त्या घरात एकटे असतात. मी कोल्हापुरात बँकेत नोकरीला. त्यांना इकडे बोलावून दमले. "मला काय झालंय?" एवढं म्हणतात आणि फोन ठेवतात.

माझं नाव मात्र गावच्याच मतदार यादीत राहिलं. हलवायचा कंटाळा, दुसरं काही नाही. त्यामुळे दर निवडणुकीला आबांचा फोन ठरलेला: "येनार न्हवं?"

मतदानाच्या दिवशी आबा सकाळी आंघोळ करून पांढरं धोतर, पांढरा सदरा घालतात आणि शाळेच्या दारात पहिले जाऊन उभे राहतात. गावातलं पहिलं मत त्यांचं, हे सगळ्यांनी धरूनच ठेवलेलं. ते मत कुणाला, हे मात्र कुणालाही माहीत नाही. आईनं जन्मभर विचारलं. मीही लहानपणी गळ्यात पडून विचारलं होतं. "पेटीत पडलं," एवढंच उत्तर. आमच्या वाड्यातल्यांना वाटायचं, निळ्या झेंड्याला. मळेवाल्यांना वाटायचं, म्हातारा आपल्याच माणसाला देतो. आबांनी कुणाचाच समज खोडला नाही. गरीब माणसाकडे लपवायला असतं काय, असा मला राग यायचा. पण त्यांनी हे एक लपवलं आणि त्याचा त्यांना फार अभिमान होता.

गेल्या निवडणुकीआधी गावानं बहिष्कार घातला. जागा मिळेपर्यंत मतदान नाही. ग्रामदैवताच्या देवळापुढे सभा झाली, बेलभंडारा उचलून शपथा झाल्या. माजी सरपंच, ज्यांना सगळा गाव अण्णा म्हणतो, ते आमच्या वाड्याकडे वळून म्हणाले, "तुमी भंडारा उचलत न्हाय, आमचं काय म्हननं न्हाय. निस्ता शब्द द्या." वाड्यातल्या सगळ्यांनी शब्द दिला. आबा उभे राहिले. सभेला मी नव्हते, पण ते काय बोलले ते मला चार जणांनी फोन करून ऐकवलं, तेही तावातावानं.

"जागा मलाबी पायजे," आबा म्हणाले. "मोर्चाला मी पुढं हाय. उपोषनाला बसवा, बसतो. पर मताला मी जानार. माझा बा ह्या गावच्या चावडीत कवा आत गेला न्हवता. खाली उभारून बोलायचा. पयल्यांदा आत गेला त्यो मताला. त्ये मी सोडनार न्हाय."

मग आमच्याच वाड्यातलं कुणीतरी ओरडलं, "आबा, पुरात पयलं तुमचंच घर जातंय की!" त्यावर आबा खाली बसले.

मतदानाच्या आदल्या संध्याकाळी मी गावी पोचले. त्यांना समजवावं, मत देऊ नका म्हणावं, असाच विचार होता. एका मतानं काय फरक पडणार आहे, हे मी तोंडपाठ करून गेले होते. सकाळी ते धोतर नेसत होते आणि मी चहा गाळत होते, तेव्हा एक गोष्ट माझ्या डोक्यात आली. एवढी साधी गोष्ट आधी कशी सुचली नाही, कोण जाणे.

"आबा, सगळ्या गावात तुमचं एकट्याचं मत पडणार. निकालाला गावागावाचे आकडे वाचतात. मोजणीला बसलेली पोरं ते लिहून आणतात. तुमचं मत कुणाला, ते सगळ्या तालुक्याला कळणार."

त्यांचा हात निऱ्यांवर थांबला. एवढा वेळ थांबला की मला वाटलं, सुटलो. आता हे जाणार नाहीत.

"मग?" ते म्हणाले. तोंड उतरलं होतं. सगळ्या गावापुढे न डगमगता उभा राहिलेला माणूस एवढ्याशा गोष्टीनं खचलेला मला बघवेना. समजवायला आलेली मी, बोलून बसले, "मग काय, मी हाय की. दोन मतं पडली की कुणाचं कुठलं कळत न्हाय."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. "माझ्यासाठी म्हनून देऊ नगंस. द्याचं तर तुझं म्हनून दे."

शाळेत शुकशुकाट होता. टेबलामागची मंडळी जांभया देत होती. आम्हाला बघून त्यातल्या एका बाईला एवढा आनंद झाला की तिनं आबांना खुर्ची दिली. आबा आत गेले, मशिनचा लांबलचक आवाज झाला, ते बाहेर आले. मग मी गेले. मी कुणाला मत दिलं ते सांगते, माझं काही त्यांच्यासारखं नाही. जो उमेदवार निवडून येईल असं दिसत होतं त्याला. प्रचाराला आला तेव्हा त्यानं आमच्या भिंतीवरच्या रेघांना हात लावून बघितलं होतं. असं हात लावून बघणारे पुष्कळ येऊन गेले, हे मला माहीत होतं. पण कुणाला तरी द्यायचंच होतं आणि आबांचं घर माळावर जायला हवं होतं. मला त्याची तेव्हाही लाज वाटली नाही, आजही वाटत नाही.

निकाल लागला. तो माणूस निवडून आला. आमच्या गावाच्या आकड्यात एक मत त्याला होतं आणि दुसरं, यादीच्या तळाशी 'यांपैकी कोणी नाही' असं बटण असतं, त्याला.

बँकेत जेवणाच्या सुट्टीत गावच्या एका पोराचा फोन आला तेव्हा मला हे कळलं. डबा तसाच ठेवला. उभ्या गावाशी वाकडं घेऊन, पांढरे कपडे करून आबा आत गेले आणि गावाला जे म्हणायचं होतं तेच तिथं म्हणून आले. मत सोडलं नाही आणि गावही सोडलं नाही. हे कुणाला कळणार नव्हतं. मलाही कळायला नको होतं. पण माझं मत मला माहीत, मग उरलेलं कुणाचं, ते लपणार कसं?

गावानं मात्र उलटाच हिशेब लावला. शिकलेली, शहरात राहणारी, तोंडानं फटकळ पोरगी, ती 'कुणीच नको' म्हणणार. म्हातारा भोळा, त्यानं दिलं त्या हात लावून गेलेल्याला. कुणी म्हणालं भोळा, कुणी म्हणालं इकला गेला. पाराजवळ आबा आले की बोलणं थांबायला लागलं. वाड्यातली पोरं नमस्कार करायची टाळू लागली. पुनर्वसनाच्या प्रत्येक शिष्टमंडळात ते असायचे. पण निकालानंतर जिल्हाधिकारी कार्यालयावर मोर्चा ठरला, तेव्हा ट्रॅक्टरमध्ये बसा म्हणून त्यांना कुणी बोलावलं नाही.

मी त्यांना फोनवर म्हणाले, "मी सांगते सगळ्यास्नी, निवडून आलेल्याला पडलं ते मत माझं होतं म्हणून."

"आनि मग माझं कुटलं ते कळंल की," ते म्हणाले.

"कळू द्या! तुम्ही गावाच्याच बाजूनं होता. उलट पाया पडतील."

"बाजू मी सभंत सांगितली. मत न्हाय सांगायचं." मग म्हणाले, "तूबी सांगू नगंस."

म्हणजे मी सांगण्याआधीच माझं मत कुठलं हे त्यांनाही कळलं होतं. आकडे त्यांनीही ऐकले होते. त्यावर ते एका शब्दानं बोलले नाहीत, ना रागानं, ना चेष्टेनं. मला गावाचा संताप आला आणि त्यापेक्षा जास्त आबांचा आला. जन्मभराच्या हट्टापायी हा माणूस म्हातारपणी शिव्या खातोय आणि मी बघत बसायचं.

मोर्चाच्या दिवशी मी बँकेतून अर्धी रजा काढून कार्यालयासमोर गेले. गावचे ट्रॅक्टर लागले होते, अण्णा माईकवर होते. आबा एसटीनं एकटे आले होते. गर्दीच्या कडेला फूटपाथवर बसले होते आणि घोषणा झाली की सगळ्यांबरोबर हात वर करत होते. मी त्यांच्या शेजारी जाऊन बसले. त्यांनी थोडं सरकून जागा दिली.

भाषणं संपली. निवेदन आत गेलं, नेहमीसारखंच एक साहेब बाहेर येऊन 'बघतो' म्हणाले. मग अण्णा चालत आमच्याकडे आले. आबांकडे त्यांनी बघितलंसुद्धा नाही. माझ्यासमोर उभे राहून हात जोडले.

"ताई, तू शब्द दिला न्हवतास, तरी गावाची लाज राखलीस. कुनालाच न्हाय म्हनून आलीस. असली पोरगी पायजे."

माझ्या तोंडाशी आलं होतं. सगळं आलं होतं. मी आबांकडे वळले. ते अण्णांकडे बघत होते आणि त्यांच्या चेहऱ्यावर, खरंच सांगते, कौतुक होतं.

"व्हय अण्णा," आबा म्हणाले. "पोरगी पयल्यापास्नं करारी हाय."

अण्णांनी चहा मागवला. पोरानं तो माझ्या हातात दिला, आबांना दिला नाही. मी तो त्यांच्यापुढे धरला. "तुझा हाय, तू पी," असं म्हणून ते एसटी बघायला उठले.